मुंगीचे तीन पालक

रविवारी दुपारी लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढून सगळी मंडळी घडीच्या टेबलाभोवती जमली, तेव्हा आत्याच्या मनात आधी आलं ते हे, की कोणीतरी गेलं. त्या टेबलाभोवती बसायची वेळ या घरात तशीच यायची. वडील गेले तेव्हा बसले होते. धाकट्या भावाची बायको घर सोडून गेली तेव्हा बसले होते. सहा महिन्यांपूर्वी मोठ्या हॉटेलचं चादरींचं काम हातचं गेलं तेव्हाही बसले होते. एरवी ते टेबल चादरींचं. दोघी दोन टोकांना उभ्या राहून दुहेरी चादरीची घडी घालू शकतील एवढं लांब, वर जुनं ब्लँकेट, त्यावर ताणून बसवलेलं जाड पांढरं कापड. माणसांनी त्यावर कोपरं टेकली की वहिनी नुसती बघायची आणि कोपरं खाली जायची.

आज कोणी गेलेलं नव्हतं. टेबलाच्या मधोमध एक पत्र होतं.

पत्र शुक्रवारीच आलं होतं, पण काउंटरवरच्या मुलीने ते कपड्यांच्या नंबराच्या चिठ्ठ्यांखाली ठेवलं आणि विसरली. शनिवारी संध्याकाळी दादाला सापडलं. दादाने ते दोनदा वाचलं, बॉयलरवाल्याला घरी पाठवलं, आणि आज तिसऱ्यांदा वाचायला बहिणीपुढे सरकवलं. आत्याचं सरकारी वाचन घरात पक्कं समजलं जायचं, कारण तिने पेन्शनच्या खिडकीवर आयुष्यातल्या बऱ्याच सकाळी घालवल्या होत्या.

‘सदर विद्यार्थिनीबाबत’, आत्या वाचू लागली, ‘या कार्यालयाकडे तीन स्वतंत्र अर्ज प्राप्त झाले असून, तिन्ही अर्जांत पालक म्हणून वेगवेगळ्या व्यक्तींची नोंद आहे. सबब, भत्ता रोखून ठेवण्यात येत आहे.’

“सदर म्हणजे कोण?” वहिनीने विचारलं.

“मुंगी,” दादा म्हणाला. “दुसरं कोण आहे आपल्यात सदर?”

मुंगी तिथेच होती, कपाटाशी स्टुलावर, हातातल्या मेणाच्या गोळ्यातून कोरणीने दाढेचा आकार कोरत. धाकट्याची मुलगी, वय सोळा, अंगाने एवढीशी आणि कधी एका जागी न बसणारी, म्हणून मुंगी. मागच्या वर्षी शाळा संपवून तिने कवळ्या बनवण्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं तेव्हा दादा म्हणाला होता की लोकांचे कपडे धुण्यापेक्षा लोकांचे दात करायचे ठरवलंस, मळ दोन्हीकडे तोच. पण पहिल्याच सहामाहीत मुंगीने आत्याच्या खालच्या कवळीची टोचणारी कड आपल्या बाईंच्या देखत घासून दिली, आणि चार वर्षांत पहिल्यांदा आत्याने सफरचंद दाताने तोडून खाल्लं. त्या दिवसापासून आत्या कॉलेजच्या बाजूची झाली.

भत्ता म्हणजे सोळा ते अठरा वयाची जी मुलं शाळेनंतरही शिकत राहतात त्यांना सरकारकडून आठवड्याला मिळणारी रक्कम. फार नव्हती. बसचा पास, मेण, प्लास्टर आणि दुपारचं खाणं एवढ्यात ती संपली असती. पण दादाने हॉटेलचं काम गेल्यावर सगळ्यांदेखत ठरवून टाकलं होतं. भत्ता आला तर पोरीने शिकावं. नाही आला, तर घडीवरची बाई महिनाअखेरीस सोडून चालली आहे, तिच्या जागी पहिल्या तारखेपासून मुंगी. दादा दुष्ट नव्हता. त्याला दुकान आधी दिसायचं आणि माणसं मागून दिसायची, एवढंच. आणि आज महिन्याची चोवीस तारीख होती.

“तीन अर्ज कसे जातील?” धाकटा म्हणाला. “मी तर एकच भरला.”

यावर वहिनीने मान इतक्या सावकाश वळवली की आत्याला सगळं कळून चुकलं. वहिनी म्हणाली की एक मीही भरला. शाळेच्या पहिल्या दिवसापासून प्रगतिपुस्तकावर सही कोणाची? माझी. मग याही कागदावर माझीच होणार. त्यात विचारायचं काय?

आता उरला तिसरा. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि आत्या पत्राकडे बघत होती.

“ताई,” धाकटा म्हणाला, “तूसुद्धा?”

आत्याला सांगावं लागलं. पेन्शनच्या खिडकीशेजारीच भत्त्याची खिडकी होती. तिथला मुलगा म्हणाला होता की आजी, घरात ज्याचं उत्पन्न सर्वांत कमी त्याच्या नावाने भरा, पूर्ण भत्ता बसतो. आणि मुंगी झोपते कोणाच्या खोलीत? आत्याच्या. तेव्हा आत्याने तिथेच उभ्याउभ्या अर्ज भरला, आणि गेले सहा आठवडे आपण किती शहाण्या या विचारात ती सुखाने फिरत होती.

“मग सांगितलं का नाहीस?” दादाने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर तिघांकडे एकच होतं आणि दादालाही ते माहीत होतं. वडिलांची शिकवण. कोणासाठी काही केलं तर बोलून दाखवायचं नाही, बोललेल्या उपकाराला वास येतो. या घरात कोणी कोणासाठी चप्पल आणली तरी ती मुकाट्याने दाराशी ठेवायची. याच शिकवणीपायी एका वर्षी धाकट्याला तीन स्वेटर मिळाले होते आणि बूट एकही नाही. तेव्हा सगळे हसले होते. आज कोणाला हसू येईना.

“एक ना धड, भाराभर चिंध्या,” दादा म्हणाला.

शटरखालून वाकून तेवढ्यात सिस्टर आत आली. मुंगीची आई. परगावच्या इस्पितळात परिचारिका होती, दर दुसऱ्या रविवारी लेकीला भेटायला यायची. धाकट्याचा आणि तिचा संसार अकरा वर्षांपूर्वी मोडला होता, कागदावर नाही, पण मोडला होता. घरातले तिला सिस्टर म्हणायचे ते आधी टोमण्याने. मग टोमणा झिजला आणि नाव राहिलं. तिने पिशवी खाली ठेवली, मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, “कोण गेलं?”

पत्राचा पुढचा भाग आत्याने तिच्यादेखत वाचला, आणि तिथून खरा गोंधळ सुरू झाला. उद्या, सोमवारी, अकरा वाजेपर्यंत एकाच व्यक्तीने पालक म्हणून कार्यालयात हजर राहायचं. विद्यार्थिनीचं राहणं-जेवणं त्याच व्यक्तीकडे असलं पाहिजे आणि त्याच घराचं उत्पन्न धरलं जाईल. बाकीच्या अर्जदारांनी स्वतःच्या सहीनिशी लिहून द्यायचं की सदर विद्यार्थिनी आमच्याकडे राहत नाही आणि तिची जबाबदारी आमच्यावर नाही.

“हे मी लिहून देणार नाही,” वहिनी म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. वहिनीचा आवाज चढत नसे, ती फक्त वाक्य छोटं करायची.

दादाने तिला समजावलं. पालक म्हणून तिचं नाव राहिलं तर उत्पन्न दुकानाचं धरणार, आणि दुकान कितीही बुडीत दिसलं तरी कागदावर ते दुकान. भत्ता शून्य. आत्याचं नाव चालणार नाही, कारण आई-बाप जिवंत असताना आत्या कोण? राहिला धाकटा. दुकानाची गाडी चालवतो, पगार पावतीवर, पावती बारीक. बाप आहेच. मागच्या शेडवरच्या खोलीत राहतो. सरळ आहे.

“सरळ कुठे आहे?” वहिनी म्हणाली. “ती पाच वर्षांची असल्यापासून माझ्या हातचं जेवते. त्याच्या खोलीत चहाचा एक कप आहे, त्याचाही कान तुटलेला.”

धाकट्याला ते लागलं, पण तो हसला. लागलं की हसायची त्याची सवय जुनी. आत्याने त्याला लहानाचा मोठा केला होता, मधल्या तेरा वर्षांच्या अंतरामुळे तो तिला भाऊ कमी आणि मूल जास्त होता, म्हणून ती पटकन त्याच्या बाजूने म्हणाली की कप काय, विकत मिळतात. त्यावर वहिनी म्हणाली की वन्सं, तुम्ही त्याला आयुष्यभर कपच विकत आणून दिलेत. म्हणजे आता आत्या, धाकटा आणि दादा एकीकडे, वहिनी एकटी दुसरीकडे. पण तेही टिकलं नाही, कारण दादा म्हणाला की कशाला या सगळ्या भानगडी, कोणीच काही लिहून देऊ नये, भत्ता गेला खड्ड्यात, पोर पहिल्या तारखेपासून दुकानात येईल आणि आपल्या माणसांत राहील. वहिनी नवऱ्याकडे अशी बघू लागली की जणू हा माणूस आत्ताच कपडे टाकायला दुकानात आला आहे. मग वहिनी आणि धाकटा एका बाजूला झाले. आत्याला कळेना की आपण आता कोणाच्या बाजूला आहोत. प्रत्येकाचं बोलणं ऐकताना तिला ते पटायचं, आणि संपलं की पुढच्याचं पटायचं.

“मी नेते तिला,” सिस्टर म्हणाली.

सिस्टर शांतपणे सांगत होती. इस्पितळाच्या वसाहतीत तिला आता दोन खोल्या मिळाल्या आहेत. पगार मर्यादेच्या थोडा आत बसतो, तिने बसमध्येच हिशोब केला. भत्ता अर्धा मिळेल, पण मिळेल. आणि आई म्हटल्यावर कोणी विचारणार नाही.

“तिथे दाताचं कॉलेज आहे?” दादाने विचारलं.

नव्हतं. दुसरं काहीतरी होतं. बेकरीचं होतं, हिशेबनिसाचं होतं. मुंगीला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. हे कळल्यावर मघाशी तीन दिशांना तोंड करून बसलेली ती चार माणसं एकदम एका बाजूला झाली, आणि वहिनीने तर सिस्टरला असं काही सुनावलं की आत्याने टेबलाखाली तिचा पदर ओढला. अकरा वर्षं दर दुसऱ्या रविवारी बिस्किटांचा पुडा आणणं वेगळं आणि ताप मोजत रात्र काढणं वेगळं, असं काहीसं ती बोलली. सिस्टरने ते ऐकून घेतलं. तिच्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा डोकावत होता, तो तिने आत ढकलला.

पत्रामागे आणखी एक कागद टाचलेला होता. तो आत्तापर्यंत कोणी उलटला नव्हता. दादाने उलटला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. कॉलेजच्या हजेरीचा उतारा. मागच्या महिन्यात ओळीने आठ दिवस ‘गैरहजर’.

“आठ दिवस,” दादा म्हणाला. “आणि आपण इथे हिच्या शिक्षणासाठी एकमेकांच्या उरावर बसलोय.”

आत्याला वाटलं की कॉलेजची चूक असणार. धाकटा म्हणाला की त्या दिवसांत ती वहिनींसोबत बाजारात वगैरे जात असेल. वहिनी म्हणाली की छे, निघायची तर ती रोज वेळेवर, पुढचं वन्संना ठाऊक असेल. कोणाला काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता.

मुंगीने कोरणी खाली ठेवली.

“मी कॉलेजला गेले होते,” ती म्हणाली. “रोज. पहिल्या तासाला उशीर झाला की दिवसभराची गैरहजेरी लावतात.”

“उशीर का झाला?”

“चालत गेले.”

तेवढ्याने भागेना म्हणून तिला पुढे सांगावं लागलं. पास संपला होता. बाबांकडे मागितला तर बाबा म्हणाले काकूकडून घे, मी तिला कालच पैसे दिलेत. काकूकडे गेले तर काकू म्हणाली बाबांचा पगार झालाय, त्यांना सांग. मग आत्याकडे येणार होते, पण तिघांकडे एकच गोष्ट मागताना कसंतरी वाटलं. चालत पावणेदोन तास लागतात. आठव्या दिवशी संध्याकाळी आईने दिलेल्या पैशांतून पास काढला.

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. दाढेला खाच कुठे पडते हे सांगावं तसं तिने सांगितलं, आणि हेच सगळ्यांत वाईट होतं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे घरं तीन होती. आत्याला आठवलं की त्या आठवड्यात मुंगीच्या दोन्ही टाचांवर फोड आले होते. तिने स्वतः मलम लावलं होतं. हळुवार लावलं होतं, फुंकर घालून लावलं होतं, आणि फोड कशाने आले हे विचारलं नव्हतं. कारण या घरात करतात, विचारत नाहीत.

आत्याचं स्वतःचं शिक्षणही असंच सुटलं होतं. सोळाव्या वर्षी एका सकाळी ती शाळेत न जाता इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली, कारण त्या दिवशी कपडे फार होते. दुसऱ्या दिवशीही फार होते. लोकांना ती पुढे सांगायची की वडिलांनी शाळा सोडवली, पण ते खरं नव्हतं. तिला कोणी सोड म्हणालं नाही आणि कोणी जा म्हणालं नाही. प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने काहीतरी ठरवलं असेल. सगळ्यांचं तिच्यावर प्रेम होतं. आत्या एवढी वर्षं दोष कोणाला द्यायचा ते शोधत होती आणि तिला कोणी सापडत नव्हतं.

तिने पेन घेतलं आणि सगळ्यांत आधी सही केली. ‘सदर विद्यार्थिनी माझ्याकडे राहत नाही व तिची जबाबदारी माझ्यावर नाही.’ अक्षर चांगलं आलं.

“पण खोटं लिहायचं नाही,” ती म्हणाली. “लिहिलं तसं करायचं. तिची गादी आजच माझ्या खोलीतून हलवा.”

“आणि जेवण?” धाकट्याने विचारलं.

“तू करायचं.”

“मला अंडं उकडता येतं.”

“तिथून सुरुवात कर.”

तो मुंगीकडे बघत राहिला, परवानगी मागावी तसा. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस. मुंगी म्हणाली, “बाबा, मला भात येतो.” एवढ्यावर त्या दोघांचं ठरलं, पण वहिनी टेबलाच्या टोकाशी हाताची घडी घालून तशीच बसून होती. दादा तिला काही सांगायला गेला तर तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. आत्या बोलली, त्याचा उपयोग नव्हता, कारण आत्याची जाणार होती ती रात्रीची सोबत आणि वहिनीचं जाणार होतं ते सगळं. वहिनीला स्वतःचं मूल नव्हतं हे या घरात कोणी कधी मोठ्याने बोलत नसे. आत्ताही कोणी बोललं नाही.

उठून तिच्याशेजारी जाऊन बसली ती सिस्टर. मघाशी जिने बिस्किटांचा टोमणा खाल्ला ती.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी ज्या दिवशी हिला तुमच्या दारात ठेवून गेले ना, त्या दिवशी मी कागदावर काही लिहून दिलं नव्हतं. पण लिहिल्यासारखंच होतं ते. बसमध्ये बसल्यावर हाताला कळेना की काय धरायचं.”

वहिनीने पेन दोन बोटांनी दूर सरकवलं.

“ती तुमची नाही असं त्या कागदावर लिहिलं, तर ती तुमची राहणार नाही असं वाटतं तुम्हाला. मी अकरा वर्षं तिच्याजवळ नाही. माझी आहे की नाही ती?”

“आहे,” वहिनी म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं हे स्पष्ट होतं.

“मग करा सही.”

वहिनीने पेन घेतलं. सही करण्यापूर्वी तिने मुंगीला जवळ बोलावलं आणि विचारलं, फक्त तिलाच ऐकू जाईल असं, पण टेबलाभोवती सगळेच श्वास धरून बसले होते म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. तिने विचारलं, “तुला हे दाताचं खरंच शिकायचंय ना? की आम्ही भांडतोय म्हणून हो म्हणतेस?”

मुंगीने विचार केला. ही पोर पटकन हो म्हणाली असती तर आत्याला शंका आली असती.

“दुकानात मी रोज एकाच घडीसारखी दुसरी घडी घालीन,” ती म्हणाली. “दात तसे नसतात, काकू. आत्याची कवळी दुसऱ्या कोणाच्या तोंडात बसत नाही.”

“हे तुझ्या काकाला सांग,” वहिनी म्हणाली, आणि सही केली. मग ती उठली, टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर जिथे जिथे कोपरं टेकली होती तिथल्या चुण्या तळहाताने सपाट केल्या आणि वर निघून गेली. तिच्या मागे दादा गेला. थोड्या वेळाने वरून भांड्यांचा आवाज आला, गरजेपेक्षा मोठा.

गादी धाकट्याने आणि सिस्टरने मिळून हलवली, एक टोक याच्या हातात आणि एक तिच्या. जिन्याच्या वळणावर दोघं अडकले आणि कोणत्या बाजूने वळवायचं यावर पूर्वीसारखं भांडले. आत्याने ते खालून ऐकलं, आणि त्यात तिला बरं वाटावं की वाईट हे तिला ठरवता येईना.

सोमवारी कार्यालयात धाकटा आणि मुंगी जाणार होते. पण निघताना आत्या म्हणाली की मला तशीही पेन्शनची चौकशी करायची आहे, आणि वहिनी म्हणाली की मला तशीही बटणं आणायची आहेत, आणि दोघींनी एकमेकींकडे न बघता चपला घातल्या.

नंबर एकोणचाळीस होता. प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या होत्या, कोणी नेऊ नयेत म्हणून. खिडकीमागच्या बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी तिन्ही जुने अर्ज आणि दोन्ही सह्यांचे कागद समोर मांडले, नाक पुसलं आणि विचारलं की पालक कोण. धाकटा पुढे झाला. वहिनी आणि आत्या मागे जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबल्या, तिथे तसं लिहिलेलंच होतं.

“मुलीची जन्मतारीख?”

धाकट्याने महिना सांगितला, दिवस सांगितला, आणि साल सांगताना अडला. त्याने मागे वळून बघितलं. वहिनीचे ओठ हलले.

“पालकांनीच सांगायचं,” बाई म्हणाल्या. “मागून नको.”

वहिनीने तोंडावर हात ठेवला. धाकट्याने डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजलं आणि साल बरोबर सांगितलं. मग मुंगीचा वर्ग, शिक्षिकेचं आडनाव, काही आजार आहे का, हे सगळं. आडनाव त्याला येत नव्हतं. आजाराचं त्याने नाही म्हणून सांगितलं, आणि वहिनीच्या मुठी आवळल्या, कारण मुंगीला लहानपणी दमा होता. पण तो सातव्या वर्षी गेला होता, तेव्हा नाही हेही खरंच होतं. आत्याने तिचा दंड धरून ठेवला. आपण तिला आधार देतोय की अडवतोय, आत्याला सांगता आलं नसतं.

बाईंनी हजेरीचा उतारा वर काढला.

“आठ दिवस सलग गैरहजर. कारण लिहावं लागेल. आजारी होती का?”

हा सोपा प्रश्न होता. आजारी म्हटलं की बाईंनी चौकटीत टिक मारली असती आणि चाळीस नंबर बोलावला असता. बाईंना स्वतःला सर्दी होती, त्यांनी सहानुभूतीने पेनही उचललं होतं. आत्याला वाटलं, म्हण बाबा आजारी. आणि धाकटा आयुष्यभर असं सोपं उत्तरच देत आला होता. काउंटरवर, वाहतुकीच्या चौकीवर, बायकोला.

“नाही,” तो म्हणाला. “चालत जायची. पास संपला होता.”

“मग काढून का नाही दिला?”

“मला वाटलं दुसरं कोणीतरी देईल.” या वेळी त्याने मागे वळून बघितलं नाही. “मी बाप आहे. मी द्यायला हवा होता. माझ्यामुळे झालं ते, असं लिहा.”

असं लिहायला चौकट नव्हती. बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला, शेवटी ‘इतर’ समोर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या की उशिराची गैरहजेरी कॉलेजकडून सुधारून आणा, त्यानंतर अडचण नाही. पहिली रक्कम पुढच्या महिन्यापासून. एकही आठवडा हजेरी चुकली तर त्या आठवड्याची मिळणार नाही. मग त्यांनी शिक्का मारला. शिक्का नीट उमटला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला.

धाकटा वळला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मुंगी त्याच्याशेजारी होती. तिने त्याचा हात वगैरे धरला नाही, ती तशी पोर नव्हती, पण ती त्याच्या चालीने चालू लागली. एरवी ती सगळ्यांच्या चार पावलं पुढे असायची.

जिना उतरताना पुढे ती दोघं होती आणि मागे या दोघी. आत्याला जिंकलो असं वाटत होतं, आणि वहिनीकडे बघितलं की वाटत नव्हतं. पहिल्या तारखेला घडीवर कोण उभं राहणार याचा विचार दादा आत्ताच करत बसला असेल. बहुतेक आपणच, आत्याला वाटलं, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही, याचंही तिला नवल वाटलं.

खालच्या पायरीवर धाकटा थांबला.

“तू सकाळी किती वाजता निघतेस गं?” त्याने लेकीला विचारलं.

“साडेसहाला.”

“मग मी सोडतो तुला स्टॉपपर्यंत. गाडी सातला काढायची असते, तोवर मी मोकळाच असतो.”

“बरं,” मुंगी म्हणाली.

साडेसहा नव्हे, सहा पंचवीस. सहा पंचवीसला निघालं तरच कोपऱ्यावरचा सिग्नल मोकळा मिळतो आणि पहिली बस सापडते. पाच मिनिटं उशीर झाला की मग पुढची, आणि पुढची नेहमी भरून येते. हे वहिनीला माहीत होतं. सबंध वर्ष रोज सकाळी ती खिडकीत उभी राहून मुंगी तो कोपरा वळेपर्यंत बघत आली होती. तिने सांगायला तोंड उघडलं.

मग मिटलं.

“चला वन्सं,” ती म्हणाली, “बटणं घ्यायचीत.”

आणि दोघी दुसऱ्या बाजूला वळल्या, जिकडे बटणांचं दुकान नव्हतं.